शर्यतीच्या मैदानातील रोटरी इंजिन: आरपीएम सोसणारे, उष्णता न सोसणारे

बाकावर सुटे करून ठेवलेले माझदाचे १३बी हे रोटरी इंजिन पहिल्यांदा पाहणाऱ्याला हमखास पडणारा प्रश्न म्हणजे, बाकीचे भाग कुठे गेले? कॅमशाफ्ट नाही, व्हॉल्व्ह नाहीत, त्यांच्या स्प्रिंगा नाहीत, कनेक्टिंग रॉड नाहीत. फुगीर बाजूंचे दोन त्रिकोणी रोटर, त्यांच्या मधून जाणारा एक एक्सेंट्रिक शाफ्ट, आणि हे सगळे पोटात घेणारी, आडव्या उतरंडीसारखी एकाला एक लावून लांब बोल्टांनी आवळलेली पाच हाउसिंगे. शक्ती निर्माण करण्याच्या मूळ कामात फिरणारे भाग मोजून तीन. शर्यतीसाठी इंजिन निवडताना हा साधेपणा डोळ्यांत भरतो आणि माणूस हुरळून जातो. मीही गेलो होतो. काही हंगाम या इंजिनांच्या आसपास काढल्यावर माझे मत असे झाले आहे की, रोटरी इंजिन नाजूक असते ही समजूत चुकीची आहे आणि ते दणकट असते ही समजूत अर्धीच खरी आहे. आरपीएमचा, म्हणजे मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा, अतिरेक ते मुकाट्याने सोसते; उष्णतेच्या बाबतीतला एकही अपराध मात्र पोटात घालत नाही.

माझ्यासमोर प्रामुख्याने माझदाचे १३बी आहे, कारण शर्यतींत आज जे रोटरी इंजिन दिसते ते बहुतेक वेळा हेच किंवा याच्याच कुळातले असते. फेलिक्स वांकेल यांची मूळ कल्पना जर्मनीतील एनएसयू कंपनीत १९५७ साली प्रत्यक्ष फिरली, पण ती शर्यतीत टिकवून दाखवण्याचे श्रेय केनिची यामामोटो यांच्या नेतृत्वाखालील माझदाच्या अभियंत्यांकडे जाते. सुरुवातीच्या इंजिनांत रोटरच्या टोकांवरील, वायू अडवून धरणारी एपेक्स सील थरथरत आणि हाउसिंगच्या आतल्या गुळगुळीत भिंतीवर ओळीने व्रण उमटत; माझदाचे लोक त्यांना सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. ॲल्युमिनियम मुरवलेल्या कार्बनची सील वापरून त्यांनी हा दोष आटोक्यात आणला आणि १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट ही गाडी विक्रीला आली.

१३बीच्या प्रत्येक रोटरचे आकारमान ६५४ सीसी, म्हणजे दोन मिळून १,३०८ सीसी. हा आकडा फसवा आहे आणि शर्यतीतील कितीतरी भांडणे त्याच्यावरूनच झालेली आहेत. रोटर एक फेरा पूर्ण करतो तेव्हा शाफ्टचे तीन फेरे होतात, आणि रोटरच्या तीन बाजूंपैकी प्रत्येक बाजू त्या एका फेऱ्यात मिश्रण ओढणे, दाबणे, जाळणे आणि बाहेर टाकणे ही चारही कामे उरकते. त्यामुळे शाफ्टच्या दर फेऱ्याला प्रत्येक रोटरमागे एक ज्वलन होते, तर फोर-स्ट्रोक पिस्टन इंजिनाच्या एका सिलिंडरला त्यासाठी दोन फेरे लागतात. दोन फेऱ्यांच्या हिशेबाने पाहिले तर हे तेराशे सीसीचे इंजिन २,६१६ सीसीच्या पिस्टन इंजिनाइतकी हवा ओढते. म्हणून नियमावल्या गुणक लावतात: एफआयए या जागतिक मोटारस्पर्धा संघटनेच्या नियमांत तो दीडपट आहे, अन्यत्र कुठे दुप्पट, कुठे या दोहोंच्या मधला. दीडपटीने मोजले तर रोटरीवाल्याची चंगळ असते, दुप्पटीने मोजले की तोच गडी जास्त इंधन जाळून तेवढ्याच शक्तीसाठी झगडत बसतो. तेव्हा हे इंजिन चांगले की वाईट या प्रश्नाचे निम्मे उत्तर गॅरेजमध्ये नसते, ज्या गटात उतरायचे त्या गटाच्या नियमांत असते.

गुणांकडे येऊ. पहिला गुण म्हणजे बांधणी: शक्तीच्या मानाने आकार लहान, आणि इंजिन बुटके असल्याने ते खाली व मागे बसवता येते. माझदाच्या आरएक्स-७ या गाडीत ते पुढच्या आसाच्या मागे बसते आणि गाडीचे वजन पुढच्या व मागच्या चाकांवर जवळजवळ सारखे विभागले जाते. वळणात शिरताना गाडीचे नाक ज्या तत्परतेने वळते त्यात सस्पेन्शनइतकाच या मांडणीचा वाटा आहे. दुसरा गुण मी अधिक मोलाचा मानतो. पिस्टन प्रत्येक फेऱ्यात दोनदा थांबतो आणि उलटा फिरतो, त्यामुळे आरपीएम वाढवत गेले की रॉड, बोल्ट आणि व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा यांच्यावरचा ताण झपाट्याने वाढतो. रोटर कुठेच थांबत नाही. कंपन इतके कमी की नऊ हजार आरपीएमलाही इंजिनाची तक्रार चालकाच्या तळव्यांना जाणवत नाही. कमाल मर्यादा जवळ आली की आरएक्स-७ मध्ये बझर वाजतो, कारण इंजिन स्वतःहून काही सांगत नाही. खालचा गिअर चुकून पडला तर पिस्टन इंजिनाचे व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि तिथेच खेळ संपतो. इथे आपटायला व्हॉल्व्हच नाहीत. अर्थात यालाही हद्द आहे, कारण फार वरच्या आरपीएमला शाफ्ट लवतो आणि रोटर हाउसिंगला घासतो, पण तिथवर जायला बराच बेजबाबदारपणा लागतो.

तिसरा गुण गॅरेजमधल्या माणसाला भावणारा आहे. पिस्टन इंजिनाची श्वास घेण्याची क्षमता वाढवायची तर कॅम, व्हॉल्व्ह, हेड यांच्यावर पैसा ओतावा लागतो; रोटरीत हे काम ग्राइंडर हातात घेऊन पोर्टचे, म्हणजे मिश्रण आत घेणाऱ्या भोकाचे, तोंड रुंदावण्याने होते. बाजूच्या हाउसिंगमधला पोर्ट वाढवला की त्याच इंजिनाचा स्वभाव बदलतो, त्यापलीकडे एक अरुंद पूल शिल्लक ठेवून आणखी एक भोक पाडले की त्याला ब्रिज पोर्ट म्हणतात, आणि मिश्रण थेट रोटर हाउसिंगच्या परिघातून आत सोडले की तो पेरिफेरल पोर्ट होतो, जो निव्वळ शर्यतीचा. चांगले बांधलेले पेरिफेरल पोर्ट १३बी टर्बोशिवाय ३०० अश्वशक्तीच्या घरात जाते. मोबदल्यात खालच्या आरपीएमला ते जवळजवळ निरुपयोगी होते: आत येणारे मिश्रण आणि बाहेर जाणारा धूर एकाच वेळी एकमेकांत मिसळतात, काही ज्वलने हुकतात, आणि उभ्या गाडीतून तो अडखळता, ठसके दिल्यासारखा आवाज येत राहतो, ज्याच्यावर प्रेक्षक फिदा असतात आणि ज्याच्यामुळे पिटमधून गाडी हलवताना क्लचचा जीव जातो.

आता टिकाऊपणाबद्दल, कारण प्रवाद सर्वांत जास्त याच बाबतीत आहेत. माझदाने या इंजिनाची पहिली जाहीर परीक्षा छोट्या शर्यतीत दिली नाही. १९६८ च्या ऑगस्टमध्ये न्यूरबर्गरिंगवर ८४ तास चालणाऱ्या मॅराथॉन द ला रूतमध्ये त्यांनी दोन कॉस्मो उतरवल्या; एक चौथी आली, आणि दुसरी ८२ व्या तासाला बाद झाली ती इंजिनामुळे नव्हे, आस निकामी झाल्यामुळे. पुढे आरएक्स-७ ने १९७९ मध्ये डेटोनाच्या २४ तासांत आपल्या गटात विजय मिळवला, १९८० आणि १९८१ मध्ये विन पर्सी यांनी तिच्यावर ब्रिटिश टूरिंग कार स्पर्धेचे विजेतेपद घेतले, आणि १९८१ मध्येच टॉम वॉकिन्शॉ व पिएर दियदोने यांनी स्पाची २४ तासांची शर्यत जिंकली. चोवीस तास पूर्ण उघडलेल्या थ्रॉटलवर चालणारे इंजिन नाजूक असू शकत नाही. ते रस्त्यावर नाजूक ठरते, कारण तिथे ते थंड असताना रेटले जाते, तेल वेळेवर पाहिले जात नाही आणि दहा वर्षे जुन्या रेडिएटरवर विसंबून राहिले जाते. शर्यतीच्या संघाकडे शिस्त असते. हे इंजिन त्या शिस्तीवर जगते.

१९९१ च्या ल मॉं या फ्रान्समधील २४ तासांच्या शर्यतीविषयी लिहिल्याशिवाय हे परीक्षण पूर्ण होणार नाही, पण त्या विजयाविषयी जे ऐकवले जाते त्यातले बरेचसे भाबडे आहे. माझदाची ५५ क्रमांकाची नारिंगी-हिरवी ७८७बी गाडी, तिच्यातले आर२६बी हे चार रोटरांचे २,६१६ सीसीचे इंजिन, नऊ हजार आरपीएमला सुमारे ७०० अश्वशक्ती, चालक जॉनी हर्बर्ट, फोल्कर वाइडलर आणि बर्ट्रांड गाशो. गाडी १९ व्या स्थानावरून निघाली आणि ३६२ फेऱ्या पूर्ण करून, मागच्या जॅग्वारपेक्षा दोन फेऱ्या जास्त मारून पहिली आली. शेवटच्या टप्प्यात सलग चालवणारे हर्बर्ट गाडीतून उतरल्यावर इतके गळून गेले होते की त्यांना विजयमंचावर उभेही राहता आले नाही. माझदाच्या इतर दोन गाड्या सहाव्या आणि आठव्या आल्या. म्हणजे उतरवलेल्या तिन्ही गाड्यांनी शर्यत पूर्ण केली, आणि माझ्या दृष्टीने विजयापेक्षा हीच गोष्ट बोलकी आहे.

तरी ते केवळ इंजिनाचे यश नव्हते. जॅग्वार आणि मर्सिडीजला १,००० किलो वजनाची अट होती, तर माझदाला ८३० किलोवर उतरू दिले गेले. ही सवलत मिळवण्यासाठी माझदास्पीड या माझदाच्या शर्यत-संघाचे ताकायोशी ओहाशी यांनी आयोजकांशी केलेली वाटाघाट एखाद्या पोर्टिंगइतकीच निर्णायक ठरली. सर्वांना २४ तासांसाठी २,५५० लिटर इंधन ठरवून दिलेले होते, म्हणजे लिटरमागे जेमतेम दोन किलोमीटरांचा हिशेब, आणि इंधन पिण्यासाठी कुप्रसिद्ध असलेल्या इंजिनाला तो हिशेब पाळून वेग राखता आला तो हलक्या गाडीमुळे. आघाडीवरची मर्सिडीज शेवटच्या काही तासांत बंद पडली नसती तर आज आपण दुसऱ्याच गोष्टी सांगत बसलो असतो. पण इंजिनाचा वाटाही कमी लेखता येणार नाही. प्रत्येक रोटरला दोनऐवजी तीन स्पार्क प्लग, सिरॅमिकची एपेक्स सील, आणि आरपीएमनुसार लांबी बदलणाऱ्या इनटेक नळ्या: रोटरीच्या तीन जुन्या दुखण्यांवर, म्हणजे अर्धवट ज्वलन, सीलची झीज आणि मधल्या आरपीएमला खेचण्याचा अभाव यांवर, एकेक उपाय त्यात होता.

या विजयामुळे रोटरीवर बंदी आली ही दंतकथा तर आता सोडूनच द्यावी. साडेतीन लिटरच्या पिस्टन इंजिनांचा नियम आधीच ठरलेला होता आणि १९९१ हे जुन्या गाड्यांना मिळालेले शेवटचे वर्ष होते, हे ठाऊक असल्यामुळेच माझदाने त्या वर्षी सारे काही पणाला लावले. पुढच्या वर्षी त्यांची गाडी व्ही१० पिस्टन इंजिनावर धावली.

दोषांमध्ये पहिला मान इंधनाचा. पिस्टन इंजिनातली ज्वलनाची जागा आटोपशीर असते. रोटरीत ती लांबट, चपटी आणि सतत पुढे सरकणारी असते. ज्योतीला तिच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत पोचायला वेळ पुरत नाही, थंड भिंतींना लागून असलेले मिश्रण न जळताच बाहेर जाते, आणि हेच न जळलेले इंधन थ्रॉटल सोडल्यावर एक्झॉस्टमध्ये पेटून त्या प्रसिद्ध ज्वाळा दिसतात. छायाचित्रात त्या शोभतात. शर्यतीत त्यांचा अर्थ एक जास्तीचा पिट-थांबा किंवा तेवढ्या इंधनाचे वजन बरोबर वाहणे असा होतो, आणि ज्या स्पर्धेत इंधन मोजून मिळते तिथे वजनाची सवलत नसेल तर मी रोटरीच्या वाटेला जाणार नाही.

दुसरा दोष, आणि माझ्या मते खरा दोष, उष्णतेचा. पिस्टन इंजिनात थंड मिश्रण आणि जळता वायू एकाच जागी आलटून पालटून येतात, त्यामुळे त्या जागेला अधूनमधून दिलासा मिळतो. रोटरीत इनटेकची बाजू कायम थंड आणि ज्वलनाची बाजू कायम तापलेली असते. एकच हाउसिंग एका अंगाने फुगते, दुसऱ्या अंगाने फुगत नाही, आणि या ओढाताणीत पाणी अडवणाऱ्या रबरी सीलांचा बळी जातो. रोटरला आतून थंड ठेवण्याचे काम तेलाकडे असते, म्हणून मोठा ऑइल कूलर ही चैन नसून रेडिएटरइतकीच गरज आहे. आमच्या गाडीत सराव करताना पाण्याच्या नळीचा क्लॅम्प सैल झाला आणि चालकाने तापमानाचा काटा चढताना पाहूनही उरलेली अर्धी फेरी पूर्ण करून गाडी आत आणली. चूक आमची होती, क्लॅम्प आम्हीच बसवला होता. गाडी आली तेव्हा इंजिन नेहमीसारखेच चालत होते, पाणी भरल्यावर काटाही खाली उतरला आणि आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टार्टर मारला तर मागून पांढऱ्या धुराचा लोट, रेडिएटरच्या उघड्या तोंडात बुडबुडे, आणि एका रोटरचे प्लग ओले. बऱ्याच पिस्टन इंजिनांनी एवढ्या चुकीकडे कानाडोळा केला असता. आम्हाला मात्र इंजिन पूर्ण खोलावे लागले.

टर्बो लावला की हा स्वभाव आणखी तीव्र होतो. रोटरीचा धूर अतिशय गरम असतो आणि एक्झॉस्ट पोर्ट एकदम उघडत असल्याने तो जोराच्या धक्क्याने बाहेर पडतो. टर्बोच्या चाकाला याहून चांगले खाद्य नाही. ड्रॅग (सरळ रेषेतली छोटी शर्यत) आणि ड्रिफ्ट (गाडी घसरवत वळणे घेण्याची स्पर्धा) यांत या इंजिनाचा एवढा बोलबाला आहे तो याच कारणाने. पण मिश्रण जरा पातळ झाले किंवा स्पार्क वेळेच्या जरा आधी पडला की डेटोनेशन, म्हणजे मिश्रणाचा अनियंत्रित स्फोट, होते, आणि त्या एका हातोड्याच्या घावाने दोन-तीन मिलिमीटर जाडीचे एपेक्स सील तुटते. तुटलेला तुकडा आतल्या भिंतीवर चरा पाडत एक्झॉस्टमधून निघतो आणि जाता जाता टर्बोची पातीही खातो. पिस्टन इंजिनात सिलिंडर थोडा मोठा कातून नवा पिस्टन घालता येतो. इथे हाउसिंगच्या आतला क्रोमचा थर गेला की बहुधा ते हाउसिंगच बदलावे लागते. टर्बो १३बीच्या ट्यूनिंगवर कंजूषी करणाऱ्याने आधी हाउसिंगची किंमत विचारून यावे.

बाकीचे दोष मी त्यामानाने किरकोळ धरतो. सीलांना वंगण मिळावे म्हणून इंजिन थोडे तेल जाणूनबुजून जाळते, आणि शर्यतीत बरेच जण तेलाचा पंप काढून पेट्रोलमध्येच तेल मिसळतात. हे एकदा अंगवळणी पडले की त्रास होत नाही. खालच्या आरपीएमला ताकद नाही, तेव्हा हळू वळणांच्या ट्रॅकवर गिअरांचे प्रमाण नीट निवडावे लागते. थ्रॉटल सोडल्यावर इंजिन गाडीला फारसे रोखत नाही, म्हणून ब्रेकवरचा भार वाढतो. आवाज मात्र किरकोळ नाही: ज्या ट्रॅकवर आवाजाची मर्यादा मोजतात तिथे पेरिफेरल पोर्ट गाडी सायलेन्सरशिवाय उतरवण्याचा विचारही करू नये, आणि पुरेसा सायलेन्सर लावला की थोडी शक्ती गेलीच.

मोटारसायकलवाल्यांनी नॉर्टन या ब्रिटिश मोटारसायकलीकडे पाहावे. ५८८ सीसीच्या दोन रोटरांच्या नॉर्टनवर स्टीव्ह हिस्लॉप यांनी १९९२ ची आइल ऑफ मॅनची सीनियर टीटी ही शर्यत कार्ल फोगार्टी यांना अवघ्या ४.४ सेकंदांनी मागे टाकून जिंकली, आणि तिथेही आकारमान कसे मोजायचे यावरून वाद झालेच.

मग हे इंजिन कोणी घ्यावे? एकाच प्रकारच्या गाड्यांच्या स्पर्धेसाठी ते उत्तम आहे, आणि याला पुरावा आहे: स्टार माझदा मालिकेत आणि तिच्या पुढच्या प्रो माझदा रूपात तरुण चालक वर्षानुवर्षे सीलबंद रोटरी इंजिनांवर शिकले. सगळ्यांकडे तेच इंजिन असल्यामुळे इंधन आणि गुणक हे दोन्ही प्रश्न उरत नाहीत, आणि बिनटर्बो, मर्यादित आरपीएमवर ते निमूटपणे चालत राहते. ड्रिफ्टसाठी, ड्रॅगसाठी आणि जुन्या गाड्यांच्या शर्यतींसाठीही मी ते सुचवेन, ट्यूनिंग जाणणारा माणूस हाताशी असेल तर. दीर्घ पल्ल्याच्या, इंधन मोजून देणाऱ्या स्पर्धेसाठी सुचवणार नाही. पाच तारांकांपैकी बिनटर्बो इंजिनाला मी चार देतो, टर्बोला तीन.

वापरलेले इंजिन घेत असाल तर विक्रेत्याने दाखवलेल्या कम्प्रेशनच्या एका आकड्यावर जाऊ नका. साधा गेज तीन बाजूंपैकी सर्वांत चांगल्या बाजूचा दाब धरून ठेवतो आणि बाकीच्या दोन लपवतो. रोटरीचा खास टेस्टर मिळाला तर उत्तमच. नसेल तर गेजची झडप दाबून धरा, इंजिन स्टार्टरवर फिरवा आणि काट्याकडे पाहा. काटा तीनदा उसळून तिन्ही वेळा सारखाच वर गेला पाहिजे, फुस्-फुस्-फुस् असा आवाज एका तालात आला पाहिजे. दोन उसळ्या आणि मग एक पोकळ जागा आली तर त्या बाजूचे सील गेलेले आहे. हीच तपासणी इंजिन पूर्ण तापल्यावर पुन्हा करा, आणि विक्रेता तापवायला तयार नसेल तर गेज पेटीत ठेवून निघा.